खेळ सुरू झाला; सुरक्षित कोण झाले?

महामारीच्या ऐन काळात व्यावसायिक फुटबॉल पुन्हा सुरू करण्याचा जो निर्णय युरोपातील बड्या क्लबांनी २०२० च्या उन्हाळ्यात घेतला, त्याची आता यशोगाथा बनली आहे. १६ मे रोजी जर्मनीत, ११ जूनला स्पेनमध्ये, १७ जूनला इंग्लंडमध्ये आणि २० जूनला इटलीत लीगचे सामने रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाले. हंगाम पुरे झाले, विजेत्यांनी चषक उंचावले. त्यामुळे ज्यांनी त्या वेळी शंका काढल्या ते उगाच भ्याले होते, असा निष्कर्ष क्लबांचे कैवारी काढतात. हा निष्कर्ष फुटबॉलपुरताच राहिला असता, तर समाजवादी कार्यकर्त्याने त्याची फारशी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु पुढची साथ येईल तेव्हा कारखानदार, बांधकामाचे ठेकेदार आणि गोदामांचे मालक नेमके हेच उदाहरण पुढे करतील. फुटबॉल सुरक्षितपणे सुरू होऊ शकला, मग तुमचे काम का नाही, असे ते कामगाराला विचारतील. म्हणून या दाव्याची तपासणी आजच, शांत काळात झाली पाहिजे.

बंदी योग्यच होती

मैदाने बंद करावी लागली हे योग्यच झाले, याबद्दल दुमत असू नये. १९ फेब्रुवारी २०२० रोजी मिलानच्या सान सिरो मैदानावर अटलांटा आणि व्हॅलेन्सिया या संघांचा सामना झाला. अटलांटा हा बेर्गामोचा क्लब. त्या नगरातून आणि भोवतालच्या गावांतून हजारो लोक मिलानला गेले. मैदानात चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक होते. काही आठवड्यांतच बेर्गामोत मृत्यूने थैमान घातले. त्या सामन्याने साथीला हातभार लावला, असे खुद्द तेथील महापौरांनी बोलून दाखवले. व्हॅलेन्सिया क्लबने पुढे जाहीर केले, की त्याचे खेळाडू व साहाय्यक यांपैकी सुमारे ३५ टक्के लोक बाधित आढळले. ११ मार्च रोजी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने या साथीला महामारी म्हटले त्याच दिवशी, लिव्हरपूलमध्ये सुमारे ५२ हजार प्रेक्षकांपुढे माद्रिदच्या ॲटलेटिको संघाचा सामना झाला. माद्रिदमधील शाळा बंद झालेल्या होत्या, तरी तेथून सुमारे तीन हजार पाठीराखे इंग्लंडात उतरले. आर्सेनलचे व्यवस्थापक मिकेल आर्तेता बाधित आढळले तेव्हा कोठे, १३ मार्चला, प्रीमियर लीग थांबली. जे सरकारला सुचले नाही ते एका व्यवस्थापकाच्या आजाराने घडवून आणले.

खेळ पुन्हा सुरू करताना जर्मन लीगने आखलेली योजना कसोशीची होती, हेही मान्य केले पाहिजे. नियमित चाचण्या, लहान गटांत सराव, सामन्यांपूर्वी संघाचा विलगवास, मैदानात व परिसरात मिळून सुमारे तीनशे माणसांची मर्यादा, असे तिचे स्वरूप होते. मेच्या आरंभी वरच्या दोन श्रेणींतील ३६ क्लबांत १,७२४ चाचण्या झाल्या. त्यांत १० बाधित निघाले. इंग्लंडमध्ये पहिल्या फेरीत ७४८ चाचण्यांत ६ बाधित आढळले. आकडे लहान होते, आणि ते लपवले गेले नाहीत.

परंतु या यशाचे श्रेय कोणाचे? २०२० च्या मे-जून महिन्यांत युरोपात साथच ओसरत होती. कोट्यवधी सामान्य माणसे घरात बसली, परिचारिका आणि सफाई कामगार घरात बसले नाहीत, आणि या दोहोंमुळे ती ओसरली. क्लबांचे नियम त्या ओसरत्या पाण्यात उभे होते. पाणी पुन्हा चढले तेव्हा काय झाले, हे २०२१ च्या नाताळच्या आठवड्यात दिसले. नियम, चाचण्या आणि लसही हाताशी असताना त्या एका आठवड्यात प्रीमियर लीगमध्ये १०३ नवे बाधित सापडले आणि सामन्यांमागून सामने पुढे ढकलावे लागले. मैदानाची सुरक्षितता मैदानाबाहेरच्या समाजाच्या सुरक्षिततेवर अवलंबून असते. तिला स्वतंत्र अस्तित्व नसते.

घाई कशाची होती?

मग साथ ओसरत असताना आणखी काही महिने थांबण्यास हरकत काय होती? याचे उत्तर क्लबांच्या जमाखर्चात आहे. व्यावसायिक फुटबॉल क्लबचे उत्पन्न तीन वाटांनी येते: तिकिटे, जाहिराती व प्रायोजक, आणि दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणाचे करार. बड्या लीगमध्ये तिसरी वाट राजमार्ग ठरली आहे. खर्चाची बाजू मात्र कित्येक वर्षांच्या वेतन-करारांनी आधीच बांधलेली असते. प्रतिस्पर्ध्यापेक्षा महाग खेळाडू घ्यायचा, त्यासाठी पुढच्या वर्षीचे प्रक्षेपणाचे पैसे आजच खर्ची टाकायचे, आणि श्रेणीतून खाली घसरण्याच्या भीतीने तेच चक्र पुन्हा फिरवायचे, अशी या उद्योगाची रीत आहे. परिणामी, ज्या उद्योगाने वर्षानुवर्षे विक्रमी करार केले त्याच्या तिजोरीत चार महिन्यांची बेगमी नव्हती. जर्मनीतील ३६ पैकी १३ क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असल्याचे वृत्त एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झाले; प्रक्षेपणाचा सुमारे ३० कोटी युरोंचा हप्ता अडकला होता. इंग्लंडमध्ये हंगाम पुरा न झाल्यास ७६ कोटी २० लाख पौंडांचा तोटा होईल, असा हिशेब प्रीमियर लीगने क्लबांपुढे मांडला.

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांतही एक गोष्ट शिकवलेली असते. एखाद्या व्यवहाराचा लाभ एकाच्या पदरात पडतो आणि त्याचा धोका तिऱ्हाईताने सोसायचा असतो, तेव्हा तो व्यवहार करणारा धोक्याचे मोल नेहमीच कमी धरतो. साथीत हे सूत्र जीवघेणे ठरते. हंगाम पुरा झाल्याचा लाभ क्लबांना आणि प्रक्षेपण कंपन्यांना होणार होता. संसर्ग पसरला असता तर त्याचा भार सार्वजनिक रुग्णालयांनी वाहायचा होता. म्हणूनच जर्मनीतील संघटित प्रेक्षक-गटांनी एप्रिलमध्येच रिकाम्या मैदानांवरील सामन्यांना जाहीर विरोध केला. ज्यांच्या प्रेमाच्या नावाने हा व्यवहार चालतो, त्यांचाच त्याला नकार होता.

सुरक्षिततेचा निर्णय वैद्यकाने दिला की वहीखात्याने, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. इंग्लंडमधील महिलांची सर्वोच्च लीग २५ मे २०२० रोजी अर्ध्यावरच संपवण्यात आली. तीनच दिवसांनी, २८ मे रोजी, पुरुषांच्या लीगची नवी तारीख जाहीर झाली. देश तोच होता, विषाणू तोच होता, आणि आर्सेनल, चेल्सी, मँचेस्टर सिटी हे क्लबही तेच होते. फरक एवढाच, की महिलांच्या सामन्यांमागे प्रक्षेपणाची थैली नव्हती; त्यामुळे चाचण्यांचा आणि विलगवासाचा खर्च परवडेनासा झाला. पुरुषांच्या फुटबॉलला मात्र तो परवडला. याचाच अर्थ, सुरक्षितता ही येथे विकत घेण्याची वस्तू होती. इंग्लंडच्या वृद्धाश्रमांतील सर्व रहिवाशांना व सेवकांना, लक्षणे असोत वा नसोत, चाचणीची सोय जाहीर होण्यास एप्रिलचा अखेरचा आठवडा उजाडला होता. त्यानंतर महिना उलटायच्या आत फुटबॉलपटूंची आठवड्यातून दोनदा चाचणी होऊ लागली.

खेळाडू हा शत्रू नव्हे

येथे पुरोगामी वर्तुळांतही एक चूक घडली. २ एप्रिल रोजी ब्रिटनचे आरोग्यमंत्री मॅट हँकॉक यांनी फुटबॉलपटूंनी वेतनकपात घेऊन आपला वाटा उचलावा असे जाहीरपणे सुनावले, आणि श्रीमंत खेळाडूंवर तोंडसुख घेण्यात अनेक डावे लेखकही सामील झाले. खेळाडूंच्या संघटनेने त्यावर जे उत्तर दिले ते प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने वाचण्याजोगे आहे. सुचवलेल्या ३० टक्के कपातीने वर्षभरात ५० कोटी पौंडांहून अधिक वेतन क्लबमालकांच्या खिशात राहील, आणि सरकारी तिजोरी २० कोटी पौंडांहून अधिक कराला मुकेल, असे तिने दाखवून दिले. ज्या सार्वजनिक आरोग्यसेवेच्या नावाने कपात मागितली जात होती, तिचेच पैसे त्या कपातीने घटणार होते. खेळाडूंनी मग स्वतःचा निधी उभारून तो आरोग्यसेवेकडे वळवला. त्याच आठवड्यात लिव्हरपूलसारख्या धनाढ्य क्लबने आपल्या कर्मचाऱ्यांचे वेतन सरकारी साहाय्य योजनेवर टाकण्याचे ठरवले होते. पाठीराख्यांच्या संतापामुळे दोनच दिवसांत त्याला माघार घ्यावी लागली.

खेळाडू गलेलठ्ठ वेतन घेतो, हे खरे. तथापि साथीत तो कोठे उभा राहतो, हे पाहिले पाहिजे. तो आपले शरीर घेऊन कामावर जातो. मालक आपले भांडवल घेऊन घरी बसतो. या अर्थाने तो श्रमिकच आहे. वॉटफर्डचा कर्णधार ट्रॉय डीनी याने मे महिन्यात सरावास जाण्यास नकार दिला. त्याच्या तान्ह्या मुलाला श्वसनाचा त्रास होता. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने त्याच महिन्यात दाखवून दिले होते, की वयाचा फरक वजा केल्यावरही कृष्णवर्णीयांचा या रोगाने मृत्यू होण्याचा संभव गोऱ्यांच्या चौपटीहून अधिक होता. कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी काय खबरदारी घेणार, असे डीनीने विचारले आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. चेल्सीच्या एन्गोलो कांतेलाही काही काळ घरी राहू देण्यात आले. हे नकार टिकले, कारण या दोघांना बाजारात मोल होते.

याच्या उलट उदाहरण बर्लिनचे. हर्था क्लबचा सालोमन कालू याने ४ मे रोजी एक चित्रफीत प्रसारित केली. तीत सहकारी हस्तांदोलन करताना आणि चाचणी कशीबशी उरकली जाताना दिसत होती. नियम कागदावर कसोशीचे असले, तरी कामाच्या जागी त्यांचे काय होते हे जगाला कळले. क्लबने तत्काळ निलंबित केले ते कालूला. कारखान्यातील असुरक्षित यंत्राकडे बोट दाखवणाऱ्या कामगाराचे काय होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

ज्यांना नकार देता आला नाही

नावाजलेल्या खेळाडूच्या हाती निदान नकार होता. त्याच्या भोवतीच्या माणसांकडे तोही नव्हता. रिओ-दी-जानेरोच्या फ्लामेंगो क्लबमध्ये जॉर्जिन्यो या नावाने ओळखला जाणारा अंगमर्दक चाळीस वर्षे खेळाडूंच्या पायांची सेवा करीत होता. ४ मे २०२० रोजी तो या रोगाने मरण पावला. त्याच सुमारास क्लबने केलेल्या २९३ चाचण्यांत ३८ बाधित निघाले होते. त्यांत खेळाडू केवळ ३ होते. उरलेले बहुतेक कर्मचारी आणि घरचे लोक. खेळाडू मोजून सुरक्षितता ठरवणाऱ्यांना ही एक बेरीज पुरेशी आहे. तरीही क्लबचे अध्यक्ष १९ मे रोजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांच्या भेटीस गेले. बोताफोगो व फ्लुमिनेन्से हे दोन क्लब विरोध करीत असताना १८ जून रोजी माराकाना मैदानावर फ्लामेंगोचा सामना खेळवण्यात आला. त्या मैदानाच्याच आवारात बाधितांसाठी तात्पुरते रुग्णालय उभारलेले होते. भिंतीपलीकडे माणसे श्वासासाठी झगडत होती आणि अलीकडे हंगाम वाचवला जात होता.

जर्मनीतील उदाहरण तर पाठ्यपुस्तकात शोभावे असे आहे. १६ मे रोजी लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा साऱ्या जगाचे डोळे डॉर्टमुंड आणि शाल्के यांच्या सामन्यावर होते. शाल्के हा खाणकामगारांच्या वस्तीतून उभा राहिलेला क्लब. त्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते क्लेमेन्स ट्योनिस, जर्मनीतील सर्वांत मोठ्या मांस-उद्योगाचे मालक. रेडा-वीडेनब्रुक येथील त्यांच्या कत्तलखान्यात रुमानिया, बल्गेरिया, पोलंड येथून आलेले हजारो मजूर उपकंत्राटदारांमार्फत राबत होते, आणि दाटीवाटीच्या बिऱ्हाडांत राहत होते. एकीकडे या क्लबचे खेळाडू विलगवासात, चाचण्यांच्या संरक्षणात मैदानावर उतरत होते. दुसरीकडे जूनमध्ये त्याच धन्याच्या कत्तलखान्यात १,५०० हून अधिक कामगार बाधित निघाले आणि ग्युटर्सलोह व वारेनडॉर्फ या दोन जिल्ह्यांवर पुन्हा टाळेबंदी आली. शाल्केच्या पाठीराख्यांनी रस्त्यावर उतरून निदर्शने केली. ३० जूनला ट्योनिस यांना अध्यक्षपद सोडावे लागले.

या प्रकरणातून एक खरी सुधारणा निघाली. मांस-उद्योगात कत्तल व मांस कापण्याच्या कामावर उपकंत्राटी मजूर लावण्यास जर्मन कायद्याने १ जानेवारी २०२१ पासून मनाई केली. म्हणजे रोग कोठे होता, हे राज्यकर्त्यांनाही कळले होते. तो कंत्राटी पद्धतीत होता.

गोवा आणि नवी मुंबई

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. २०२०-२१ ची इंडियन सुपर लीग २० नोव्हेंबर ते १३ मार्च या काळात संपूर्णपणे गोव्यात खेळवण्यात आली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील तीन मैदानांवर प्रेक्षकांविना ११५ सामने झाले. अकरा संघ महिनोन् महिने हॉटेलांत, ज्याला ‘जैव-सुरक्षा परीघ’ असे भारदस्त नाव मिळाले त्या कड्यात राहिले. स्पर्धा पार पडली, हे खरे. पुढे मे महिन्यात त्याच बांबोळीतील सरकारी रुग्णालयात प्राणवायूच्या पुरवठ्यातील त्रुटींमुळे रुग्ण दगावल्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे आले. फुटबॉलमुळे प्राणवायू कमी पडला, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे, की महिनोन् महिने शिस्त, नियोजन आणि चाचण्या एका स्पर्धेसाठी उभ्या करता येतात, तर तोच काटेकोरपणा सार्वजनिक रुग्णालयाच्या वाट्याला का येत नाही? पुढच्या हंगामात, जानेवारी २०२२ मध्ये, ते कडेही फुटले आणि सामने पुढे ढकलावे लागले.

त्याच महिन्यात महाराष्ट्रात आशियाई महिला फुटबॉल स्पर्धा भरली होती. भारताच्या मुलींनी इराणशी पहिला सामना बरोबरीत सोडवला. २३ जानेवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर चिनी तैपेईशी सामना होता. पण इतक्या खेळाडू बाधित झाल्या, की नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा जणीही उभ्या करता आल्या नाहीत. नियमानुसार यजमान संघाने माघार घेतली असे मानण्यात आले, आणि २०२३ च्या विश्वचषकाची वाटही बंद झाली. वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर एका आठवड्यात पाणी पडले. हॉटेलातील काही सेवक बाधित आढळले होते आणि त्यांच्या चाचणीचे निकाल वेळेवर हाती आले नाहीत, अशी जाहीर तक्रार संघाच्या प्रशिक्षकांनी केली. त्या सेवकांना दोष देणे हा निव्वळ अन्याय ठरेल. ताट वाढणारा, खोली झाडणारा, चादरी धुणारा माणूस हा कड्याच्या आतच असतो. आखणाऱ्यांच्या डोळ्यांना मात्र तो बाहेरचा वाटतो.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की कोंडलेल्या लोकांना विरंगुळ्याची गरज होती. ती होतीच, कामगारवस्तीत जन्मलेल्या या खेळाची थट्टा करणे समाजवाद्याला शोभणार नाही. परंतु इंग्लंडमध्ये उरलेल्या ९२ सामन्यांपैकी विनामूल्य दाखवले गेले ते ३३. बाकीचे ५९ वर्गणीदारांसाठीच राहिले. लोकांचे मन रमवणे हा हेतू असता, तर हे प्रमाण असे नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खेळ थांबला असता तर तिकीटखिडकीवरच्या, कचेरीतल्या, मैदानावरच्या साध्या माणसांची नोकरी गेली असती, असे सांगितले जाते. खेळ सुरू होऊनही त्यांचे काय झाले? आर्सेनलच्या खेळाडूंनी एप्रिलमध्ये साडेबारा टक्के वेतनकपात स्वीकारली होती. १ ऑगस्टला त्या संघाने एफ. ए. चषक जिंकला, आणि ५ ऑगस्टला ५५ कर्मचाऱ्यांना कमी करण्याचा बेत क्लबने जाहीर केला. नोकऱ्यांचे नाव पुढे करून धोका पत्करायला लावायचे आणि धोका टळताच नोकऱ्याच कापायच्या, ही नीती आपल्याकडच्या गिरण्यांनाही परकी नाही.

फ्रान्सने एप्रिलअखेर हंगाम संपवला, नेदरलँड्सनेही संपवला. तेथे फुटबॉल मेला नाही. म्हणजे थांबणे शक्य होते; त्याची किंमत मालकांनी मोजायची की इतरांनी, एवढाच वाद होता.

पुढच्या वेळेसाठी

मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत, आणि त्या फुटबॉलपुरत्या असता कामा नयेत. साथीत कोणतेही काम पुन्हा सुरू करताना सुरक्षिततेची मोजदाद सर्वांत कमी वेतनाच्या माणसापासून सुरू व्हावी; स्वयंपाकी, सफाईवाला, वाहनचालक, मैदानाचा माळी यांना त्याच दिवशी, त्याच दर्जाची चाचणी व संरक्षण मिळावे. विलगवासाच्या दिवसांचे पूर्ण वेतन मालकाने द्यावे, आणि कंत्राटदाराचे नाव पुढे करून त्याला त्यातून सुटता येऊ नये. सार्वजनिक रुग्णालयांची गरज भागल्याखेरीज चाचण्या व वैद्यकीय मनुष्यबळ खासगी स्पर्धांकडे वळवले जाऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नकार देण्याचा हक्क कायद्याने मिळावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या कराराचे तेरावे कलम हेच सांगते, की आपल्या जिवाला गंभीर व तात्कालिक धोका आहे असे वाजवी कारणाने मानून काम सोडणाऱ्या कामगारावर कोणतीही अनुचित कारवाई होता कामा नये. सुरक्षित कामाची जागा हा श्रमाचा मूलभूत हक्क आहे, असे त्याच संघटनेने २०२२ मध्ये ठरवले. डीनीला हा हक्क त्याच्या कीर्तीने मिळवून दिला. जॉर्जिन्योला तो कोणी दिला नाही.

तो कायद्याने मिळेल तो संघटनेच्या बळावरच. हॉटेल-कामगार, मैदान-कर्मचारी, सुरक्षारक्षक आणि वाहनचालक यांच्यात आज युनियन नसेल, तर साथ आल्यावर ती उभी करण्यास वेळ मिळणार नाही. नियम तेव्हा पुन्हा मालकच लिहितील, चाचणी पुन्हा खेळाडूंची होईल, आणि हंगाम पुरा झाल्यावर खेळ सुरक्षित होता असा निर्वाळाही तेच देतील. ते काम आजच हाती घेतले पाहिजे.